फळ्यावरचा कायदा

रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

सुरतेत गोडादऱ्याला, आपल्या मराठी माणसांच्या मंडळाच्या खोलीवर. फळा धुऊन घेतला. गेल्या रविवारचं भाडेकरूच्या कायद्याचं पुसलं, आज अटकेचं लिहिलं. सु. को.चा नवा निकाल आहे, ऑफिसात आलेल्या ताज्या अंकात. शुक्रवारी वकीलसाहेबांसाठी त्यातले उतारे टाइप करत होते, तेव्हाच मनात मराठी होत होतं.

पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा कागद तिथेच करायचा, त्यावर घरच्या नाहीतर शेजारच्या एकाची साक्षीदार म्हणून सही. नातेवाइकाला कळवायचं. डॉक्टरची तपासणी. वकिलाला भेटू द्यायचं. आणि हे सगळं प्रत्येक पो. स्टे.मध्ये भिंतीवर लावायचं. नाही पाळलं तर कोर्टाचा अवमान. हात दुखून आला. 'कोठडी' लिहू की 'ताबा' यावर बराच वेळ अडले. 'ताबा' लिहिलं. जीपमध्ये बसवलं की कोठडी नसते, पण ताबा असतो.

परभणीकडचा दिगंबर आल्याशिवाय वाचन सुरू होत नाही. लूम चालवतो, सातवी झालेला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, पोथी वाचावी तसा, एकेक ओळ. आज दोनदा वाचलं. मग मला म्हणाला, "ताई, हे आमच्यासाठी बी हाय का? भायेरून आलेल्या मान्साला?"

म्हटलं, घटना एकच आहे, सुरतेला वेगळी नाही.

"मंग म्हणून दाखवलं तर ऐकतेत?"

"ऐकावंच लागतं."

म्हणताना बरं वाटलं.

पाटीलभाऊ (मंडळाचे सेक्रेटरी, धुळ्याकडचे, लूमच्या खात्यांना, म्हणजे कारखान्यांना, माणसं पुरवतात) फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. "ताई, हाई कसाले लिखं? भाडानं ठीक व्हतं." मग माझ्यासाठी शुद्ध मराठीत: "हे कशाला लिहिलं? पोलिसांशी आपलं रोजचं काम पडतं."


बुध. १२

साहेबांना सांगून टाकलं, तुमच्या पुस्तकातलं मी रविवारी फळ्यावर लिहिते. वाटलं होतं रागावतील. हसले. "विजयाबेन, पुलिस को कानून पढाओगे तो नाराज होगी." मग चष्मा पुसत, गुजरातीत: चोपडी मारी छे, कायदो कोईना बापनो नथी. पुस्तक माझं, पण कायदा कोणाच्या बापाचा नाही.

संध्याकाळी अनघाला रसायनशास्त्राचा पेपर सोडवायला बसवलं. लेकीची बारावी तोंडावर आली आहे.


रवि. १६

फळा तसाच ठेवला, लोकांनी सांगितलं म्हणून. काही जण वहीत उतरवून घेत होते. दिगंबरला पाठ झालंय.


गुरुवार, २० फेब्रु.

दिवेलागणीला दार वाजलं. मंगल, दिगंबरची बायको. लेकरू कडेवर. आपल्या घरी पहिल्यांदाच. गोडादऱ्याहून पर्वत पाटियापर्यंत चालत आलेली. आत ये म्हटलं तर आली नाही.

दुपारी दोन पोलीस आले. तिचा भाऊ गोविंद याला न्यायला. खात्यातून कापडाचे ताके गेले, शेठनं संशय घेतला. दिगंबरची रातपाळी, तो झोपला होता. उठून दारात उभा राहिला आणि फळ्यावरचं म्हणायला लागला.

"तुमची पट्टी दिसत न्हाई म्हणले. कागद करा म्हणले, मी सही करतो म्हणले. त्यानं इचारलं, कहाँ से सीखा? यायनं सांगितलं, फळ्यावर लिवलेलं हाय."

तिथंच मारलं. मग दोघांनाही नेलं. कागद नाही.

"ताई, तुमी चला. तुमाला समदं ठावं हाय."

साहेब अहमदाबादला, हायकोर्टात. त्यांच्या घरी फोन केला, उद्या रात्री येतील म्हणे. ज्युनिअर हितेश, त्याचा फोन लागला नाही. हे आत पेपर घेऊन बसले होते. म्हणाले, "तू आता कुठं जाऊन राहिली?"

प्रश्न होता तो. हुकूम नव्हता. पण मी तो उत्तर असल्यासारखा घेतला.

मंगलला म्हटलं, सकाळी जाऊ. वकिलाला घेऊन जाऊ, नुसतं आपण गेलो तर कोणी दाद देणार नाही.

"सकाळी?" एवढंच म्हणाली. चहा दिला, तो तिनं उंबऱ्यावर ठेवला. घेतला नाही. गेली.

नंतर हे म्हणाले, बरोबर केलंस. अनघानं पुस्तकातून मान वर केली आणि परत खाली घातली. मला कोणी अडवलं नाही, हे इथं लिहून ठेवते. कडी मीच लावली.


शुक्र. २१

सकाळी हितेशला घेऊन चौकीवर. जमादारानं खुर्ची दिली, पाणी दिलं. "यहाँ कोई दिगंबर नहीं लाया." रजिस्टर उघडून दाखवलं. नव्हतंच नाव. ना त्याचं, ना गोविंदचं.

भिंतीवर कॅलेंडर, देवाची तसबीर, साहेबलोकांच्या नावांची पाटी. ज्या सूचना लावायच्या त्या कुठं नाहीत. म्हणायचं होतं, इथं अमुक लावायला हवं. तोंडापर्यंत आलं. फळ्यासमोर किती ठणठणीत बोलते मी.

मागे एक खोली. दार लोटलेलं. मी त्या दाराकडे बघत होते, जमादार माझ्याकडे. हितेश हळूच म्हणाला, चालो बेन. चालू लागले.

हितेशनं पोस्टातून तारा केल्या, कमिशनरना आणि मॅजिस्ट्रेटना. मजकूर मी सांगितला. चांगला सांगितला. मजकूर सांगायला मला येतं.

मंगल बाहेर रस्त्याच्या पलीकडे बसून होती. तिला काय सांगायचं ते हितेशवर सोडलं.


शनि. २२

सुटले. दुपारी पर्वत पाटियाला रस्त्यावर उतरवून दिलं दोघांना. मॅजिस्ट्रेट नाही, कागद नाही. कुठं ठेवलं ते त्यांनाही सांगता येत नाही, पहिल्या संध्याकाळनंतर गाडीत घालून कुठंतरी दुसरीकडे नेलं म्हणे.

पहिल्या संध्याकाळनंतर. म्हणजे मंगल माझ्या दारात उभी होती तेव्हा ते याच चौकीत होते.


रवि. २३

दिगंबरकडे गेले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बोटं बाहेर आलेली, काळीनिळी. लूमवर तुटलेला धागा बांधायला हीच बोटं लागतात. गोविंद गावाला पळाला, रात्रीच. ताके शेठच्या दुसऱ्या गाळ्यात सापडले म्हणे. चोरी नव्हतीच.

सरकारी दवाखान्यात दिगंबरनं सांगितलं, लूममध्ये हात गेला. तेच केसपेपरवर. का असं सांगितलंस विचारलं.

"परत नेतील मनून."

मग खाली बघून म्हणाला, "ताई, मी समदं म्हणलो. पट्टीचं म्हणलो, कागदाचं, सहीचं. डाक्टरचं तेवढं राहिलं." त्याला वाटतंय त्याचं म्हणायचं काहीतरी चुकलं. पूर्ण म्हणाला असता तर लागू पडलं असतं.

मी म्हणाले, तुझं काही चुकलं नाही. पुढचं वाक्य, चुकले ती मी, हे त्याला सांगायला हवं होतं. मंगल चुलीशी होती, पाठ करून. सांगितलं नाही.

येताना मंडळावर थांबले. फडकं ओलं करून फळा पुसला. सगळा. खडूचं पाणी हातावर वाळलं.


गुरु. २७

टाइप करताना चुका. साहेबांनी तीन पानं परत दिली. 

मीच सांगितलं मग. ऐकून घेतलं. म्हणाले, पुरावा काय आहे? केसपेपर म्हणतो लूम. रजिस्टर म्हणतं आलाच नाही. चाळीतले साक्ष देतील?

पाटीलभाऊंना विचारलं होतं. चाळीतली दोन बिऱ्हाडं या आठवड्यात सचिनला, सुरतेच्या पार बाहेर, राहायला गेली. बाकीच्यांनी काही पाहिलेलं नाही.


रवि. २ मार्च

फळ्यावर पाटीलभाऊंनी सत्यनारायणाची सूचना लिहिली. सुंदर अक्षर त्यांचं. मी पेपर चाळत बसले. एकानं विचारलं, आज कायदा नाही? दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

पाटीलभाऊ चांगले वागले. चहा मागवला. "ताई, तुमचा हेतू चांगला होता." होता.


शुक्र. ७

अनघाला सेंटर लांबचं आलंय. रोज रिक्षानं सोडायला जाईन म्हटलं. हे म्हणाले मी जातो, तू ऑफिस बघ. हल्ली माझ्याशी फार सांभाळून बोलतात. भांडले असते तर बरं.


रवि. ९ मार्च

मंगल मंडळाच्या खोलीशी आली. बायका तिकडे येत नाहीत सहसा. सरळ फळ्यापाशी. तिला वाचता येत नाही, पण हे ते नव्हे एवढं ओळखलं.

"पुसलं कामून?"

म्हटलं, पुन्हा कोणाला तसं होऊ नये म्हणून.

"यायला चाळीत काय म्हणतेत ठावं हाय का तुमाला? शाना. मनानं कायदा केला, मार खाल्ला. आता हितं बी न्हाई म्हणल्यावर त्यो खोटाच पडला की."

माणसं ऐकत होती. पाटीलभाऊ मध्ये पडले, वहिनी, ताईंना कशाला बोलता. ती त्यांच्याकडे वळलीच नाही.

"तुमी लिवलं. त्यांनी वाचलं. मार त्यांनी खाल्ला. तुमी पुसून मोकळ्या."

बोलून निघून गेली. लेकरू आज बरोबर नव्हतं.

मी पाणी आणलं. सत्यनारायण होऊन गेला होता, तरी पाटीलभाऊंना विचारून पुसलं. अंक ऑफिसात, पण पाठ होतं. पुन्हा लिहिलं. ओळी वाकड्या गेल्या. शेवटी थांबले. एवढं लिहून भागत नाही. दिगंबरला मी एवढंच दिलं होतं. खाली आणखी लिहिलं: एकट्यानं म्हणू नये. चारजणांनी मिळून म्हणावं. मारलं तर डॉक्टरला खरं सांगावं, तो कागद जपावा. लगेच येऊन सांगावं. आणि माझं नाव, घरचा पत्ता, कोणत्याही वेळी.

हे निकालात नाही. निकालाखाली रेघ मारून लिहिलं, कोर्टाचं कुठं संपतं ते कळावं म्हणून.

पाटीलभाऊ पत्ता वाचत उभे होते. "पत्ता कसाले?" म्हणाले. मग स्वतःच: "बरं. ऱ्हाऊ द्या."


त्याच दिवशी

यांना सांगितलं, पत्ता लिहिलाय. जेवता जेवता थांबले. "मला विचारायचं होतं." खरंच विचारायचं होतं. घर त्यांचंही आहे, बँकेची नोकरी त्यांची. अनघाची परीक्षा चालू होतेय. पण विचारलं असतं तर 'तू काय करून राहिली' म्हणाले असते आणि मी पुन्हा तो प्रश्न...


बुध. १२

साहेब म्हणाले, हायकोर्टात अवमानाचा अर्ज करता येईल. अहमदाबादचे त्यांचे स्नेही चालवतील. तारा केल्या ते बरं झालं, पावत्या आहेत. पण मधला दुवा पाहिजे. नेलं हे कोणाला त्याच दिवशी कळलं? दुसऱ्या दिवशी चौकीवर जाऊन कोणी विचारलं?

मला.

"तो फिर आप का सोगंदनामा." सोगंदनामा म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र.

दिगंबरला विचारून घेते म्हटलं.


शनि. १५

दिगंबर हो म्हणाला. अर्जाचं. फार विचार केला नाही, त्याची मला भीती वाटली. पुन्हा मी विचारतेय आणि पुन्हा तो हो म्हणतोय. म्हणून या वेळी सगळं उलटंही सांगितलं. वेळ लागेल. पोलीस त्रास देतील. हरूही शकतो. केसपेपरवर लूम लिहिलंय ते आडवं येईल. तो ऐकत होता. मंगल म्हणाली, "हे तवा सांगितलं असतं."

हो.


बुध. १९ मार्च

आज माझंच प्रतिज्ञापत्र मी टाइप करायला घेतलं. साहेब सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होते; इथं मराठीत लिहिते. माझं नाव, वय, धंदा. मंगल माझ्या घरी आली. तिनं अमुक सांगितलं. मग साहेब म्हणाले, "हे समजताच मी तात्काळ वकिलासह चौकीवर गेले."

टाइप केलं. 'तात्काळ' उमटलं. टाइपरायटरची अक्षरं एकमेकांत अडकल्यासारखी झाली, पण अडकली नव्हती.

साहेबांना म्हटलं, तात्काळ नाही गेले. सकाळी गेले.

"रात बीच में थी. ठीक है ना."

रात्र मध्ये होती हे खरंय. म्हटलं, ती संध्याकाळी आली होती, आणि तेव्हा ते तिथंच होते. मी घाबरले म्हणून गेले नाही.

साहेबांनी पेन ठेवलं. मग त्यांनी समजावलं, आणि ते वकिलासारखंच समजावलं, मला दोष न देता. सरकारी वकील म्हणेल, ही बाई कायदा जाणते, लोकांना शिकवते. तिला प्रकार गंभीर वाटला असता तर ती तेव्हाच धावली असती. ती घरी बसली. म्हणजे काही झालंच नव्हतं. "आपका सच उसका केस कमजोर करेगा. सोच के बोलिए."

'तात्काळ' काढून नुसतं 'नंतर' लिहू म्हणाले. नंतर म्हणजे खोटं नाही.

वेळ मागितला. कागद मशीनवर तसाच ठेवून आले.


गुरु. २०

दिवसभर एकच. खरं लिहावंसं वाटतं ते कोणासाठी? लिहिलं की मला मोकळं वाटेल. त्याचा अर्ज पडेल. म्हणजे त्याच्या दुसऱ्या हातावर माझं ओझं. नाही लिहिलं तर मी कोर्टापुढे शपथेवर ते करणार, जे त्या जमादारानं रजिस्टरवर केलं. कोरी जागा सोडणार.

यांना विचारलं. म्हणाले, 'नंतर' लिही. साहेबांना तुझ्यापेक्षा कळतं.

मला वाटतं विचारायचं माणूस वेगळं आहे.


शुक्र. २१

ऑफिसातून सरळ गोडादरा. दिगंबर बाहेर खाटेवर होता. प्लास्टर मळलंय, त्यावर लेकरानं पेनानं रेघोट्या मारल्यात. मंगल पाण्याला गेलेली. सांगून टाकलं. त्या दिवशी मंगल आली होती. मी आले नाही. वकील मिळाला नाही हे खरं, पण वकील मिळाला असता तरी आले असते का ते माहीत नाही. मी घाबरले.

"ठावं हाय. मंगलनं सांगितलंय."

कधी?

"सुटून आलो त्याच दिशी."

म्हणजे त्या रविवारी मी त्याच्यासमोर बसले होते, तुझं काही चुकलं नाही म्हणत होते, तेव्हाही त्याला माहीत होतं.

मग कोर्टाचं सांगितलं. खरं लिहिलं तर काय होईल, 'नंतर' लिहिलं तर काय. अर्ज तुझा आहे, तू म्हणशील तसं करते.

तो प्लास्टरबाहेरची बोटं हलवून बघत राहिला. दोन हलतात.

"तुमचं तुमी बगा, ताई. हात माझा हाय, तेवढं मी बगतो."

चिडून नाही म्हणाला. चिडून म्हणाला असता तर मी काहीतरी बोलले असते.


सोम. २४

आज धुळवड. बाहेर पोरं रंगलेली. अनघाचा आज पेपर नाही, झोपून आहे.

ठरलं. खरं लिहिणार. बरोबर आहे की नाही माहीत नाही. पण फळ्यावर लोकांना लिहून सांगते की डॉक्टरला खरं सांगा. तेच मी न करता...


बुध. २६

प्रतिज्ञापत्रात शेवटी असं लिहिलं: संध्याकाळी समजलं. त्या वेळी ते चौकीतच होते असं मला नंतर कळलं. भीतीमुळे मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. तेव्हा रजिस्टर दाखवलं, त्यात नाव नव्हतं. भिंतीवर सूचना नव्हत्या. मागची खोली मी पाहायला मागितली नाही.

साहेबांनी वाचलं. 'भीतीमुळे' शब्दावर पेन टेकवलं, उचललं. "कशाची भीती, ते विचारतील."

"पोलिसांची म्हणेन."

हसले नाहीत. म्हणाले, हाँ, ये भी एक जवाब है. मग जरा वेळानं, कदाच सामेवाळाने आ ज नडशे. कदाचित समोरच्याला हेच जड जाईल. म्हणजे कायदा जाणणारी बाई चौकीत जायला घाबरते, तर बाकीच्यांचं काय. मला धीर द्यायला म्हणाले, की खरंच तसं वाटलं, कळलं नाही.

नोटरीपुढे सही केली.


त्याच दिवशी, घरी

यांना नक्कल वाचायला दिली. चष्मा लावून दोनदा वाचली.

"यात माझं नाव नाही."

"नाही."

"मी घरीच होतो."

"हो."

नक्कल घडी करून परत दिली. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. अनघानं मला विचारलं, बाबांना काय झालं.


मंगळ. ८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली. दुपारी साहेबांचा अहमदाबादहून फोन, घरीच. अर्ज दाखल करून घेतला. नोटिसा काढल्या पोलिसांना. तारीख उन्हाळ्याच्या सुटीनंतर.

दिगंबरला सांगायला गेले, श्रीखंड घेऊन. शेठनं त्याला कामावरून काढलंय, एका हाताचा माणूस लूमवर काय करणार. मंगल साडीवर टिकल्या चिकटवायचं काम घरी आणते. श्रीखंड तिनं घेतलं. बस म्हणाली.


रवि. १३

फळ्यासमोर आज गर्दी कमी. पण जे होते त्यांनी चौघांचा घोळका करूनच वाचलं. एकानं हसत म्हटलं, ताई, चारजण झालो बघा. हसले मीही.

आता वाचून कोण दाखवतं? चाळीतला एक नवा माणूस, बीडकडचा. अडखळतो. दिगंबर येत नाही.


रवि. २०

साध्या कपड्यातला एक माणूस आला. पोलिसाचे बूट. हात मागे बांधून फळा वाचायला लागला. मराठी येत असावी किंवा हिंदीवरून लावत असावा. लोक एकेक करून निघून गेले. पाटीलभाऊ मात्र राहिले, हे त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे. खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"किसने लिखा?"

"मी लिहिलं. मैंने."

"ये नीचे जो पता है?"

"माझाच."

खाली रेघेपर्यंत वाचलं, रेघेखालचंही. मग विचारलं, ये सब थाने में लगाना है, ऐसा लिखा है? सच में?

हो म्हटलं. साहेबांच्या ऑफिसात अंक आहे, दाखवते.

तो गेला. धमकी द्यायला आला होता की खरंच विचारायला, हे पाटीलभाऊंनाही कळलं नाही. घरी येईपर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं मी. घाबरते अजून. प्रतिज्ञापत्र करून भीती जात नाही.


शुक्र. २५

साहेब म्हणाले, पोलिसांकडून कोणीतरी दिगंबरला निरोप पाठवलाय, समजुतीनं मिटवून टाक. कोण, ते कळत नाही. दिगंबर मला बोलला नव्हता.

त्याला गावी जायचंय. परभणीला. हात बसला नाही नीट, तिकडे कोणी हाडं बसवणारा आहे म्हणतात.


रवि. २७ एप्रिल

स्टेशनवर गेले त्यांना पोचवायला. भुसावळची गाडी. हेही आले बरोबर, स्वतःहून. मंगलची ट्रंक यांनीच आत चढवली. दिगंबरनं डावा हात पुढे केला, यांनी तो दोन्ही हातांत धरला.

मी खिडकीशी. सांगायचं की नाही हे रिक्षात बसल्यापासून चाललं होतं. त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं नसतं तर सांगावं लागलं नसतं. अर्ज चालावा असं मला वाटतं. इतकं वाटतं की त्याचंच वाईट वाटतं. फळ्यावर कायद्यातलं आपल्याला आवडेल तेवढंच लिहायचं, असं करता येत नाही.

म्हटलं, "दिगंबर, अर्ज तुझा आहे. तुला नको असेल तर मागं घ्यायची परवानगी मागता येते. कोणी जबरदस्ती करू शकत नाही. मीही नाही, साहेबही नाही."

मंगलनं माझ्याकडे पाहिलं.

"मागं घेतला तर त्यायला काय व्हतं?"

"बहुतेक काही नाही."

"आन चालवला तर?"

"सांगता येत नाही."

लेकरू खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होतं. दिगंबरनं डाव्या हातानं त्याला मागं ओढून मांडीवर घेतलं. शिट्टी झाली. गाडी हलायच्या आत म्हणाला, "कोर्टाची तारीख लिवून द्या."

पर्समधल्या पावतीच्या मागं लिहून दिली. त्यानं वाचली, मोठ्यानं, महिन्यासकट. मंगलच्या हातात दिली.

येतो म्हणाला नाही.